मुंडगोडचा परदेशी, मडगावचा पोर्तुगीज

हुबळीहून तडस ओलांडून मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीकडे जाणारा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा. पाहायला जाणारा हुबळीकर असेल तर त्याला कोणी हटकत नाही. गादेन आणि द्रेपुंगचे मठ पाहावेत, मोमो खावेत, संध्याकाळी घरी परतावे. सोबत जर्मन किंवा जपानी पाहुणा असला की मामला बदलतो. त्याला केंद्रीय गृहखात्याचा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो आणि तो हाती पडायला आठवडेच्या आठवडे जाऊ शकतात. आणि ज्याच्या हॉटेलात मोमो खाल्ले, तो? त्याचा जन्म इथला, शाळा इथली, कन्नड तर सोबतच्या मराठी माणसापेक्षा सफाईदार. तरी कागदोपत्री बहुधा तोही परदेशीच.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी आले. त्यांना वसवायला जमीन द्या, असे नेहरूंनी राज्यांना कळवले. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने ते सर्वांत मनावर घेतले. आधी बैलकुप्पे झाले. मग १९६६ साली, एस. निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडजवळ सुमारे चार हजार एकर जंगल मोकळे करून डोगुलिंग वसाहत उभी राहिली. ल्हासाच्या परिसरात पंधराव्या शतकात स्थापन झालेले मठ इथे नव्याने बांधले गेले. त्यांतले भिक्षू त्याआधी दहाएक वर्षे बंगालच्या बक्सा छावणीत होते, आणि ही छावणी म्हणजे इंग्रजांचा जुना तुरुंग. मुंडगोडमध्ये पत्ता अजूनही कॅम्पच्या नंबराने सांगतात. पावसाळ्यात मका आणि भात, थंडी पडली की गावोगाव स्वेटरची दुकाने, असा अनेक घरांचा वार्षिक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

भारताने १९५१च्या जागतिक निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे निर्वासित म्हणून कोणाला कायदेशीर दर्जा द्यायची सोयच आपल्याकडे नाही. जो नागरिक नाही तो परदेशी, एवढीच विभागणी. १९३९चा नोंदणी कायदा आणि १९४६चा परदेशी नागरिक कायदा या इंग्रजी अमदानीतल्या चौकटीत तिबेटींना बसवले गेले. सप्टेंबर २०२५ पासून त्या दोन्हींची जागा नव्या कायद्याने घेतली, पण विभागणी तीच राहिली. वसाहतीत सगळे ज्याला ‘आरसी’ म्हणतात ते नोंदणीपत्र ठरावीक मुदतीने पोलिसांकडून नवे करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरची ‘आयसी’. ती घेऊन निघताना भारतात परत यायची परवानगीही आधीच शिक्क्यानिशी घ्यायची. आपण जन्मलो त्या गावी परत येण्यासाठी!

खरी गंमत तारखांची आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला प्रत्येक जण जन्मानेच नागरिक होता, आईबाप कुठलेही असोत. आसाममधल्या घुसखोरीच्या वादातून १९८६ साली कायदा बदलला आणि १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक जण तरी भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. आसामसाठी मारलेली ही रेघ मुंडगोडच्या घराघरांतून गेली. जून १९८७ मध्ये जन्मलेला थोरला भाऊ भारतीय, दोन वर्षांनी झालेला धाकटा परदेशी. दोघे एकाच वर्गखोलीत कन्नड शिकलेले.

मजा अशी की थोरल्यालाही आपण भारतीय असल्याचे बरीच वर्षे कोणी मानत नव्हते. धरमशालेजवळच्या कांगड्यात १९८६ साली जन्मलेल्या नामग्याल डोल्कर यांचा पासपोर्टचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती मुरलीधर यांनी निकाल दिला, की ही बाई जन्मानेच भारतीय आहे. कर्नाटकात हा प्रश्न थेट मुंडगोडमधूनच न्यायालयात गेला. द्रेपुंग लोसेलिंग मठात वाढलेले लामा लिंग रिंपोछे १९८५ साली भारतात जन्मलेले. त्यांच्या बाजूने कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. पाठोपाठ २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावे मतदारयादीत घ्यायला सांगितले.

२०१७ मध्ये पासपोर्टबाबत परराष्ट्र खात्यानेही नमते घेतले, पण अटी घालून: आरसी परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा आणि वसाहतीत राहू नका. अटीमागे तर्क आहे, नाही असे नाही. वसाहतीची जमीन निर्वासितांसाठी दिलेली, नागरिक झालेल्याने ती का अडवावी? पण ज्याचे म्हातारे आईबाप आणि दुकान कॅम्पातच आहेत त्याने पासपोर्टसाठी बिऱ्हाड हलवायचे, हे फाइलीवर सुचते तितके सोपे नाही. पासपोर्टला पात्र असूनही आरसीच नवी करत राहणारे लोक त्यामुळेच आढळतात. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचा उल्लेख आहे खरा, पण तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांपुरता. तिबेट त्या यादीत नाही.

हीच माणसे दुसऱ्या देशात गेली तेव्हा काय झाले? स्वित्झर्लंडने १९६३ साली एक हजार तिबेटींना घ्यायचे ठरवले. विंटरथूरजवळच्या रिकोन गावी प्रेशर कुकर आणि भांडी बनवणारा कून बंधूंचा कारखाना होता. तिथे तिबेटी कामाला लागले आणि १९६७ पासून कारखानदारांच्याच पुढाकाराने तिथे मठसंस्था उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये नुसत्या जन्माने काहीच मिळत नाही. १९८७ पूर्वीचा भारत या बाबतीत स्विसांपेक्षा कितीतरी उदार होता. पण स्वित्झर्लंडमध्ये बाहेरून आलेल्याला ठरलेली वाट आहे: पूर्वी बारा वर्षांचे वास्तव्य लागे, २०१८ पासून दहा, आणि होकार हवा गाव, कॅन्टन व केंद्र अशा तिन्ही पातळ्यांवर. गावाचा होकार हे प्रकरण अवघडच. एमेन गावाने २००० साली अर्जदारांवर चक्क मतदान घेतले. इटलीहून आलेले पास झाले आणि बाल्कनमधून आलेले नापास. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असले मतदान घटनाबाह्य ठरवले. भारतातही परदेशी माणसाला बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते, कायद्यात तसे कलम आहे. वास्तव्य मोजायचे तर मुंडगोडच्या लोकांनी ती अट पाच वेळा पुरी केली असती.

आता हुबळीहून पश्चिमेकडची गाडी धरावी. लोंढा आणि मग कॅसलरॉक. १९६१ पर्यंत देश इथे संपायचा, पलीकडे पोर्तुगीजांचे कुळे स्टेशन. १९५५च्या नाकेबंदीत ही रेल्वे बंदही पडली होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मार्च १९६२च्या आदेशाने गोवेकर सरसकट भारतीय नागरिक झाले. ज्यांना जुनेच नागरिकत्व ठेवायचे त्यांनी महिन्याभरात लेखी कळवायचे होते. फादर मोंतेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी तसे कळवले. मग त्यांना गोव्यातच राहायला तात्पुरता परवाना घ्यावा लागला. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, त्यांनी तो वाढवून घेतला नाही आणि गावही सोडले नाही. खटला झाला, शिक्षा झाली. व्याप्त प्रदेशातल्या रहिवाशांना जिनिव्हा करारांचे संरक्षण असते, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, असे सांगून न्यायालयाने १९६९ मध्ये अपील फेटाळले.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मानले ते १९७४च्या अखेरच्या करारात. पण मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्यामार्फत पुढच्या पिढ्यांना लिस्बनच्या केंद्रीय नोंदणीत नाव घालायची वाट मोकळी राहिली. आजोबांचा पोर्तुगीजमधला जन्मदाखला शोधायचा, आडनावाचे स्पेलिंग जुळवायचे आणि वकिलाकरवी कागद लिस्बनला पाठवायचे. हजारो गोवेकर या वाटेने युरोपियन पासपोर्टधारक झाले आणि त्यांतले पुष्कळ पोर्तुगालला न थांबता इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला पोचले. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसरे घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि उरते ओसीआय कार्ड: ये-जा हवी तितकी करा, मत देऊ नका, शेतजमीन विकत घेऊ नका. नुसते लिस्बनला नाव घातले तर नागरिकत्व गेले की नाही, यावर गोव्यात आमदारांच्या निवडीपर्यंत वाद पोचले आहेत. त्यात ब्रेक्झिट आले. २०२० संपता संपता इंग्लंडचे मोकळे दार बंद झाले. आधी पोचलेल्यांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर कायमचा दर्जा मिळाला, पण मागे राहिलेल्यांना तिथे राहून काम करायचे तर तोच पासपोर्ट घेऊन इंग्लंडच्या व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते.

अमेरिकेचा नियम निराळाच. तिथे जन्मलेले मूल नागरिक, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वोंग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात ठरवले. तो पायंडा मोडू पाहणारा जानेवारी २०२५ चा अध्यक्षीय आदेश निघताच कोर्टकचेऱ्यांत अडकला. १९९०च्या कायद्याने अमेरिकेने भारत आणि नेपाळमधल्या एक हजार तिबेटींसाठी खास व्हिसाही ठेवले होते. ते संपल्यावर मात्र सर्वांना नेहमीच्याच रांगा. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे धारवाडच्या देशपांड्यांचा सॉफ्टवेअरमधला मुलगा वर्षानुवर्षे थांबतो. तिथे देश धरतात तो सहसा जन्माचा. पासपोर्ट कोणता, याला किंमत नाही. मुंडगोडला १९८९ साली जन्मलेला तिबेटी आपल्या पोलिसांच्या लेखी परदेशी असला, तरी अमेरिकेच्या लेखी तो भारताच्या खात्यातला आणि देशपांड्यांच्या मुलाच्याच रांगेतला. नवराबायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर तो धरायची मुभा मात्र कायद्यात आहे. बायको काठमांडूत जन्मलेली असली तर दोघांनाही नेपाळच्या खात्यात जाता येते, आणि ती रांग पुष्कळच आखूड आहे.