हिरवळीचा वाफसा

बागेचे पाणी : लेखांक ७

रोहिणी नक्षत्र लागले, की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बंगल्यांच्या आवारात संध्याकाळी नळ्या बाहेर निघतात. तोंडावर अंगठा दाबून दहा मिनिटे फवारा उडवला, की पाणी दिल्याचे समाधान! प्रत्यक्षात पाती ओली होतात आणि खाली माती कोरडीच राहते. गेल्या लेखांकात हरळी आणि कार्पेट गवत यांतली निवड पाहिली. गवत कोणतेही असो, रोजच्या शिडकाव्याने त्याची मुळे वरच्या थरातच घोटाळतात आणि दोन दिवस नळ आला नाही, की हिरवळ करपते.

म्हणून भरपूर पाणी सोडावे का? त्याचे उत्तर कृष्णाकाठच्या शेतांत मिळते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या खोल काळ्या रानात उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले गेले. निचरा कमी असल्याने भूजल वर आले. त्यात विरघळलेले क्षारही वर चढले. पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. पांढरे मीठ फुटलेली क्षारपड जमीन ती हीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रात अशा जमिनींवर काम झाले आहे. त्यांच्या सुधारणेचा मुख्य मार्ग म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जादा पाणी बाहेर काढणे.

बंगल्याच्या आवारात उसाइतके पाणी मुरत नाही, पण माती तीच असते. शिवाय कुंपणाची भिंत आणि फरशी निचऱ्याची वाट अडवतात. त्यात बोअरचे पाणी मचूळ असेल किंवा शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी रोज गवतावर सोडले जात असेल, तर मीठ आणखी लवकर साठते.

शेतकरी पाण्याची पाळी वाफसा बघून ठरवतो. मातीत ओल आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. हिरवळीतही खुरप्याने चार बोटे खोल माती काढून मुठीत दाबावी. हाताला चिकटली, तर पाणी नको. गोळा होऊन बोटाच्या दाबाने फुटला, तर वाफसा आहे. गोळाच झाला नाही, तर पाळी आली. गवतही सांगते: पाती निळसर-करडी दिसू लागतात आणि चालल्यावर पावलाचा ठसा तसाच राहतो.

प्रमाणाचे गणित सोपे आहे. एका गुंठ्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २,५०० लिटर, २०० लिटरचे साडेबारा बॅरल. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या नळीला त्यासाठी पावणेतीन तास लागतात. तुषार संच असेल, तर गवतावर चार-पाच रिकामे डबे ठेवून पाणी सगळीकडे सारखे पडते का, ते मोजता येते.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही. तिथे पाणी थोडे, पण लवकर लवकर द्यावे. सांगलीच्या काळ्या मातीत दोन पाळ्यांमधले अंतर वाढवावे आणि पाणी सावकाश मुरू द्यावे. दोन्हीकडे पहाटेची वेळ उत्तम: ऊन नसते, वारा कमी असतो. रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशीला आयतेच निमित्त मिळते.

कापणी करताना उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त गवत काढू नये. बारीक कातरण तिथेच पडू दिले, तर ओल टिकायला मदत होते. वाळत चाललेल्या गवताला युरिया देऊ नये. मृगाच्या सरींनी जमीन नीट भिजेपर्यंत खताचे पोते बंदच ठेवावे. पाणीकपातीत हरळी पिवळी पडली, तरी उपटण्याची घाई नको. तिचे जमिनीतले कांड तग धरते आणि पाऊस पडताच नवे धुमारे फुटतात.

पुढील लेखांकात : पावसाळ्यापूर्वी बागेतल्या निचऱ्याच्या चरांची आखणी.