लोणारचं पाणी मोजणारी पेटी

जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांची ती करणी, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिलं. बघ्यांची गर्दी काठावर होती, पण एक नजर पावणेआठशे किलोमीटरहून जास्त उंचीवर होती. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी बुलढाण्यावरून जातात आणि त्यांनी टिपलेली चित्रं कुणालाही फुकट मिळतात!

त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे 10 मीटर बाजूचा चौकोन. लोणारचं पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं क्षेत्र 427 हेक्टर, म्हणजे असे 42,700 चौकोन. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तू पाणी की जमीन? पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकतं, हिरवा त्या मानाने परत पाठवतं. हिरव्यातून अवरक्त वजा करा, दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याच्या वर आलं, तर बहुधा पाणी. मॅकफीटर्स यांनी 1996 मध्ये मांडलेलं हे सूत्र शाळकरी मुलालाही समजेल, आणि त्यातून अख्ख्या सरोवराचा काठ उमटतो.

हे गणित ज्युपिटर नोटबुकमध्ये करावं. विचार, सूत्र आणि त्यातून निघालेला नकाशा तिथे एकाच पानावर एकाखाली एक राहतात. पण नुसती नोटबुक मेहकरच्या एखाद्या विद्यार्थिनीला पाठवली, तर ती चालेलच असं नाही. उपग्रहाची चित्रं वाचणारी साधनं एकमेकांच्या ठरावीक आवृत्त्यांवर अवलंबून असतात. एक बदलली की सगळं अडतं.

म्हणून 2013 मध्ये आलेलं डॉकर मला विलक्षण वाटतं. पाककृती पाठवण्याऐवजी भांड्यामसाल्यांसकट स्वयंपाकघरच पाठवायचं. चूल तेवढी ज्याची त्याची. ही चूल म्हणजे लिनक्सचा कर्नल. तोच या स्वयंपाकघराला, म्हणजे कंटेनर नावाच्या पेटीला, स्वतःच्या फायली, स्वतःचं नेटवर्क असल्याचा भास देतो आणि किती मेमरी वापरायची तेही ठरवून देतो. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, या संगणकावर आपण एकटेच! ज्या इमेजमधून हा कंटेनर उभा राहतो ती थरांची असते. प्रत्येक थराला त्यातल्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. थर तोच असेल तर तो पुन्हा उतरवावाही लागत नाही.

मांडणी सोपी आहे. डॉकर बसवा, ज्युपिटर प्रकल्पाने तयार ठेवलेली इमेज उतरवा, 8888 क्रमांकाचं पोर्ट उघडा आणि ब्राउझरमध्ये नोटबुक सुरू करा. चित्रं वाचण्यासाठी रास्टेरिओ लागेल. ते डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बनवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, आवृत्तीच्या आकड्यासह लिहा. ‘लेटेस्ट’ लिहून मोकळं होऊ नये, कारण आजचं लेटेस्ट वर्षभराने वेगळंच असतं. चित्रं आणि नोटबुक मात्र आपल्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवून ते फोल्डर कंटेनरला जोडावं. कंटेनर काढून टाकला की आत साठवलेलं जातं.

आता पुण्यातल्या एखाद्या संशोधिकेचा आणि मेहकरच्या विद्यार्थिनीचा आकडा जुळला नाही, तर साधनांच्या आवृत्त्यांवर बोट ठेवून सुटता येत नाही. काठावरच्या वेड्या बाभळींच्या सावलीतला ओला चौकोन पाण्यात धरायचा की जमिनीत, यावर दोघी खुशाल वाद घालू शकतात.