सही एकाची, घर दोघांचें

चित्रकाराची ओळख त्याच्या चित्रांवरून पटते. पण कधीं कधीं ती त्याच्या घरावरूनही तितकीच पटते. स्वीडनमधील दालार्ना प्रांतांत सुंदबोर्न नांवाचें गांव आहे. तेथील कार्ल लार्सन (१८५३–१९१९) या प्रख्यात चित्रकाराचें घर हें याचें उत्तम उदाहरण होय.

कार्लचें बालपण स्टॉकहोम येथें अठराविश्वे दारिद्र्यांत गेलें. १८८३ सालीं कारिनशीं त्याचा विवाह झाला. तीही स्टॉकहोमच्या कलाविद्यालयांत शिकलेली चित्रकर्त्री होती. १८८८ सालीं तिच्या वडिलांनीं हें लहानसें लांकडी घर उभयतांस दिलें. संसार वाढत गेला तशा त्यांनीं त्यास नव्या खोल्या जोडल्या. त्या काळीं सुखवस्तु घरांत जड पडदे व काळसर सामान असे. येथें मात्र उजळ रंगांचें साधें सामान, खिडक्यांत फुलझाडें आणि सर्वत्र मोकळा प्रकाश! मुलें तर घरभर बागडत.

या घराचीं चित्रें कार्लनें जलरंगांत काढलीं व १८९९ सालीं तीं ‘एक घर’ या अर्थाच्या नांवानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांमुळें त्याचें नांव देशोदेशीं झालें.

परंतु हीं चित्रें जरा निरखून पाहावीं. त्यांत दिसणारे पडदे, उशांचे अभ्रे, मेजावरील वस्त्रें हीं बहुतेक कारिनच्या हातचीं आहेत. कित्येक आसनांची आंखणीही तिचीच. घराचीं चित्रें काढावीं, ही मूळ सूचनाही तिनेंच केली, असें सांगतात. आठ अपत्यांच्या या मातेनें विवाहानंतर चित्रें काढणें जवळजवळ सोडलें होतें. पण कला सोडली नव्हती. कुंचल्याच्या जागीं माग आणि सुई आली, एवढेंच. फरक इतकाच कीं, चित्राच्या कोपऱ्यांत सही असते. पडद्यावर ती कोण करतो?

१९२८ सालीं ती निवर्तली. त्यानंतरही पुष्कळ वर्षें लोक तिला कलावंताची पत्नी म्हणूनच ओळखीत. १९९७ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत जें प्रदर्शन भरलें, त्याच्या शीर्षकांत मात्र पतीबरोबर तिचेंही नांव झळकलें. आज तें घर त्यांच्या वंशजांनीं जतन केलें असून पाहुण्यांस पाहावयास मिळतें.

वाचकहो, एखादें घर पाहून आपण प्रसन्न होतों, तेव्हां घरधन्याच्या रसिकतेची वाखाणणी सहज तोंडून निघते. त्याच वेळीं, तें घर कोणाच्या हातांनीं घडलें, एवढें विचारण्यास विसरूं नये.