आधी भोक शोधा, मग जाळी घ्या

सोलापुरात नवी पेठेतल्या जुन्या घराच्या परसात चार कोंबड्या पाळणाऱ्याला त्रास असतो मांजराचा, घुशीचा आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा. तिथून वीसेक किलोमीटरवर, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला वस्तीवर राहणाऱ्याला मुंगूस, रानमांजर आणि खोकड यांच्याशी गाठ असते. घार दोघांच्याही डोक्यावर फिरते. दुकानात जाऊन सरसकट जाळीचं भेंडोळं आणण्याआधी आपल्याकडे कोण येतं आणि कुठून येतं, हे पाहायला हवं.

त्याच्या खुणा असतात. अंडं अख्खंच्या अख्खं गायब झालं आणि टरफलाचा तुकडाही सापडला नाही, तर बहुधा साप. टरफलं फुटून पडली असतील तर कावळा किंवा मुंगूस. भरदिवसा उघड्यावरचं पिल्लू गेलं तर घार नाहीतर शिक्रा. एकच कोंबडी गेली आणि कुंपणाच्या दिशेने पिसांचा माग दिसला, तर रानमांजर किंवा खोकड. चार-पाच कोंबड्या मारून जागीच टाकलेल्या असतील तर पहिला संशय कुत्र्यांवर घ्यावा. भिंतीच्या पायथ्याशी ताज्या मातीचा ढीग दिसला, की घूस आलीच म्हणून समजा.

रात्रीचं खुराडं

पहिला पैसा खुराड्यावर घालावा. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. एकदा दांडीवर बसली की ती हलत नाही, पळतही नाही. जनावर आत शिरलं तर तिच्या हाती काही उरत नाही. दर कोंबडीमागे तीन ते चार चौरस फूट जागा आणि बसायला आठ-दहा इंच दांडी धरावी. दांडी जाळीपासून हातभर आत असावी, म्हणजे बाहेरून पंजा पोचत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात इथे एक अडचण येते. पारा चाळिसाच्या पुढे जातो. चारी बाजूंनी पत्रा ठोकलेलं खुराडं रात्रीही तापलेलं राहतं, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि मालक दया येऊन दार उघडं ठेवतो. मुंगूस दिवसाचं जनावर, पण कुत्र्या-मांजरांना रात्रीचं एवढं उघडं दार पुरतं. म्हणून भिंतीचा वरचा अर्धा भाग जाळीचाच ठेवावा आणि वर पत्रा टाकून त्यावर कडबा अंथरावा. कडबा मात्र दर काही दिवसांनी हलवून पाहावा. त्यात उंदीर घर करतात आणि उंदरांमागे धामण किंवा नाग येतो. त्याच कारणाने संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलावं आणि अंडी दिवस मावळण्याआधी काढावीत.

जाळी कोणती

षटकोनी भोकांची ‘चिकन जाळी’ स्वस्त असते. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिची पातळ तार त्याच्या दाताने तुटते. मुंगूस मुठीएवढ्या भोकातून सहज आत येतं, पिल्लं खाणाऱ्या घुशीला त्याहून कमी जागा लागते. खुराड्याला आणि कुंपणाच्या खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी. वरच्या भागाला चिकन जाळी चालते. कुंपण सहा फूट उंच असावं, खांब सहा ते आठ फुटांवर. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचं जुनं कुंपण कुत्र्यांना आणि शेळ्यांना अडवतं, त्यामुळे ते बाहेरच्या बाजूला असू द्यावं. मुंगसाला मात्र त्यातून वाट मिळते.

दाराची कडी वर आणि खाली, दोन्हीकडे हवी. फक्त मध्ये कडी असलेल्या दाराचा खालचा कोपरा ढकलला की वाकतो आणि तिथून डोकं आत जातं.

खालून येणारे

उकरणाऱ्या जनावरासाठी जाळी फूटभर जमिनीत गाडतात. आपल्याकडे हे सगळीकडे जमत नाही. बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम किंवा खडक लागतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि खांब कलंडतात. त्यापेक्षा कुंपणाच्या पायथ्याशी दीड-दोन फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरावी, कुंपणाला तारेने बांधावी आणि वर दगड-माती टाकावी. जनावर उकरायला सुरुवात करतं ते अगदी कुंपणाला खेटून. तिथे तार लागली की दोन फूट मागे सरून पुन्हा उकरायचं त्याला सुचत नाही. काळ्या जमिनीत खांबाभोवती मुरूम-दगड ठोकून भरावेत आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येक खांब हलवून पाहावा.

पेठेतल्या फरशीच्या अंगणात उकरण्याची भीती नाही. तिथे वाट असते मोरीची. मोरीच्या तोंडाला आणि पावसाच्या पाण्याच्या नळाला लोखंडी जाळी घट्ट बसवावी. घूस प्लास्टिक कुरतडते.

वरून येणारे

पूर्ण वाढलेली कोंबडी घारीला सहसा उचलवत नाही. धोका असतो तो पिल्लांना, साधारण पहिले दोन महिने. अंगणावर नायलॉनची जाळी ताणावी. ती शक्य नसेल तर फूट-फूट अंतराने दोऱ्या ताणाव्यात, म्हणजे घारीला झेप घ्यायला मोकळी जागा राहत नाही. शेडनेट टाकलं तर सावलीही मिळते. रंगाचाही उपयोग होतो. पांढरी कोंबडी उंचावरून चटकन दिसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली वनराज ही जात रंगीत पिसांची आहे.

फिरता पिंजरा

कोंबड्यांना गवत, किडे मिळावेत पण त्या मोकळ्या सोडायची भीती वाटत असेल, तर तळ नसलेला फिरता पिंजरा करावा. आठ फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच एवढा चार कोंबड्यांना पुरतो. सांगाडा बांबूचा किंवा पोकळ लोखंडी नळीचा, बाजूंना वेल्डेड जाळी, एक तृतीयांश भागावर पत्रा आणि त्यावर ओलं पोतं. एका टोकाला दोन चाकं, दुसऱ्या टोकाला धरायला दांडा. एकट्या माणसाला ओढता येईल एवढंच वजन ठेवावं, नाहीतर तो एकाच जागी पडून राहतो.

रोज सकाळी पिंजरा त्याच्या लांबीएवढा पुढे सरकवावा. कालची जागा खाऊन, उकरून, विष्ठेने खतवून झालेली असते. पावसाळ्यात गवतावर फिरवावा. एरवी भाजी काढून झालेल्या वाफ्यांवर.

या पिंजऱ्याची खरी फट असते जमीन आणि चौकट यांच्यामध्ये. ढेकळांवर चौकट टेकत नाही आणि बोटभर वाटलेली फट पलीकडच्या कोपऱ्यात हातभर असते. चारी बाजूंना फूटभर जाळीची झालर बिजागऱ्यांवर जोडावी, सरकवताना वर दुमडावी, ठेवल्यावर खाली पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. पिंजरा दिवसापुरताच, रात्री कोंबड्या खुराड्यात.

काय करू नये

विष घालू नये. ते खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, आणि उंदीर खाणारेच कमी झाले की उंदीर वाढतात. मुंगूस आणि रानमांजर यांना १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षण आहे. त्यांना मारणं गुन्हा आहे. घरातल्या विजेची तार तर कुंपणात कधीच सोडू नये, तिने माणसं मरतात. विजेचं कुंपण हवंच असेल तर त्यासाठी बनवलेलं झटका मशीन घ्यावं.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवावा: आधी खुराड्याची भोकं आणि दोन कड्या, मग खालची तीन फूट जाळी आणि तिची आडवी झालर, मग वरची जाळी, सगळ्यात शेवटी फिरता पिंजरा. काम झाल्यावर एकदा अंधार पडल्यावर खुराड्यात बॅटरी लावून बाहेरून फेरी मारावी. उजेड जिथून बाहेर येतो त्यातली जाळीच्या भोकापेक्षा मोठी प्रत्येक जागा दुसऱ्या दिवशी बुजवावी.