मोटारीचा श्वास

गेल्या उन्हाळ्यांत माझा भाचा एक खोकें घेऊन घरीं आला. खोक्यांत शंकूच्या आकाराची एक लाल गाळणी आणि चकचकीत ॲल्युमिनियमची एक वांकडी नळी होती. त्याची गाडी डिझेलवर चालणारी, टर्बोचार्जर असलेली आणि बरीच जुनी. घाट चढतांना ती अलीकडे मंदावूं लागली होती. "मामा, हें बसविलें कीं गाडी मोकळा श्वास घेईल," असें तो उत्साहानें म्हणाला. हा शब्दप्रयोग मला आवडला. परंतु इंजिन श्वास घेतें कसा, हें पाहिल्यावांचून त्या नळीची योग्यता ठरवितां येत नाहीं. आज तोच विषय श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांत प्रथम शिरते ती हवा. पिस्टन ती सोळा-सतरा पट दाबतो, आणि त्या दाबानें ती इतकी तापते कीं वरून फवारलेलें डिझेल ठिणगीवांचून पेटतें. एक भार डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें साडेचौदा भार हवा लागते. प्रत्यक्षांत त्याहूनही जास्त द्यावी लागते. कारण तेलाचे थेंब आणि हवा यांची नीट मिसळ होण्यास क्षणाचाही पुरता अवकाश मिळत नाहीं. हवा कमी पडली म्हणजे मागच्या नळींतून काळा धूर निघतो.

हें प्रमाण किती मोठें आहे पाहा. भाच्याच्या गाडींतील इंजिन १२४८ घन सेंटिमीटरचें आहे. फियाट कंपनीनें आंखलेलें हें इंजिन आपल्या देशांत अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून धांवलें. मिनिटास दोन हजार फेरे झाले तर टर्बोच्या साह्यावांचूनही त्यास साधारण बाराशें लिटर हवा लागेल. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा-सात लिटर हवा आंत घेतो. म्हणजे पावणेदोनशें श्रोत्यांनीं भरलेल्या सभागृहाचा श्वास हें लहानसें यंत्र एकटें घेतें!

टर्बोचार्जर ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. डिझेल मोटारींत ती यावयास मात्र १९७८ साल उजाडलें. त्या वर्षीं मर्सिडीझची ३०० एसडी ही गाडी निघाली. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु एका चक्रास फिरवितो. त्याच दांड्यावर दुसरें चक्र असतें, तें बाहेरची हवा ओढून दाबून आंत लोटतें. हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो. वाया जाणारी शक्ति येथें पुन्हा कामास लागते, हें या युक्तीचें सौंदर्य होय.

परंतु हवा दाबली कीं तापते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबली तर ती सव्वाशें अंशांच्या आसपास जाते, आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणून पुष्कळ गाड्यांत तिला इंटरकूलर नांवाच्या जाळींतून नेऊन थंड करतात.

आतां त्या लाल शंकूकडे येऊं. गाळणीचा अडथळा कमी झाला म्हणजे शक्ति वाढलीच पाहिजे, असें वाटणें स्वाभाविक आहे. तथापि आधुनिक गाडींत टर्बोनें किती दाब द्यावा हें संगणक ठरवितो, आणि तेल किती फवारावें हेंही तोच ठरवितो. अडथळा थोडा घटला तर टर्बोचे श्रम किंचित् हलके होतात, एवढेंच. तेल वाढविल्यावांचून जादा हवेस काम तें कोणतें? गाडीचा संगणक बदलून तेल आणि दाब दोन्ही वाढविले, तर मोठ्या गाळणीस अर्थ येतो; पण मग क्लचपासून पिस्टनपर्यंत सर्वांवर ताण येतो, आणि तो खर्च खोक्यांत मावत नाहीं.

शिवाय कारखान्यानें दिलेली पेटी बंद असते, आणि तिची नळी पुढून गार हवा आणते. उघडा शंकू बॉनेटखालची हवा ओढतो. ती साठ अंश आणि बाहेरची तीस असेल, तर हवेचें वजन शेंकडा नऊनें घटतें. टर्बोची शीळ मात्र मोठ्यानें ऐकूं येते, आणि तिलाच पुष्कळ जण शक्ति समजतात!

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. कांहीं हौशी लोक गार हवेसाठीं नळीचें तोंड खालीं बंपरामागें नेतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं मुंबईचे रस्ते ज्यांनीं पाहिले त्यांस अधिक सांगणें नको. हवा दबते, पाणी दबत नाहीं. या इंजिनाच्या एका सिलिंडरांत पिस्टन वर आल्यावर जी जागा उरते ती सुमारें वीस घन सेंटिमीटर. म्हणजे चहाचे चार चमचे. त्याहून जास्त पाणी शिरलें कीं कनेक्टिंग रॉड वांकतो. पाण्यांत गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवूं नये, तें याच कारणास्तव.

भाच्यानें माझें ऐकलें नाहीं. शंकू बसवून तो खंडाळ्याचा घाट चढला, तों दिवा लागला आणि काळा धूर निघाला. गॅरेजांतील वृद्ध मिस्त्रीनें प्रथम हवा मोजणारी नाजूक तार पाहिली. ह्या गाळण्या तेल लावलेल्या कापडाच्या असतात. तेल अधिक झालें तर तें तारेवर बसतें आणि हवेचें माप चुकतें. तार पुसून झाल्यावर त्यानें टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप चाचपला. त्याच्या पोटाशीं बोटभर चीर होती. मोजलेली, दाबलेली हवा वाटेंतच निसटत होती, आणि गाडी घाटांत कां मंदावत होती याचें उत्तर तेथें होतें. नवा पाइप शंकूच्या निम्म्या किंमतींत आला.

मिस्त्रीनें जुनी बंद पेटीच परत बसविली, तिच्यांत कागदाची नवी गाळणी घातली आणि इंटरकूलरच्या जाळींत अडकलेला चिखल पाण्यानें हळूहळू धुऊन काढला. धुळीच्या रस्त्यानें जाणें असेल तर गाळणी पुस्तकांतील मुदतीच्या आधींच बदलावी, असें त्यानें बजावलें. वाळूचा बारीक कण सिलिंडरच्या भिंतीस ओरखडे पाडतो, टर्बोच्या पात्यांनाही खातो. पावसाळ्यापूर्वीं गाडी पुन्हा घाट चढली, तेव्हां धूर नव्हता. शंकू माझ्या माळ्यावर पडून आहे. भाच्यानें तो अद्याप मागितलेला नाहीं.