मेणबत्तीची ज्योत आणि आपले मन

विहारात वंदनेला जमलो की आपण तथागतांच्या मूर्तीपुढे व परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावतो. वंदना संपते, सूचना होतात, आपण घरी निघतो. ज्योत तशीच जळत राहते. त्या ज्योतीकडे दहा मिनिटे नीट पाहणे हाही मनाचा एक अभ्यास आहे. त्याची माहिती सभासदांना, विशेषतः परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा अभ्यास नवा नाही. इसवी सनाच्या ५ व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ रचला. त्यात ध्यानाची ४० कर्मस्थाने, म्हणजे मन स्थिर करण्याचे आधार, सांगितली आहेत. 'तेजोकसिण' म्हणजे अग्नीवरील ध्यान हे त्यांपैकी एक. साधकाने वाळलेली लाकडे पेटवावी, चटईला किंवा कापडाला एक वीत चार अंगुळे रुंदीचे भोक पाडून ती पुढे टांगावी आणि भोकातून अग्नी पाहावा. मात्र खालच्या लाकडांकडे पाहू नये, वरच्या धुराकडेही पाहू नये. मधल्या दाट ज्वाळेवरच लक्ष ठेवावे. मेणबत्ती हे त्याचेच घरगुती रूप समजावे. हठयोगातील 'त्राटक' ही क्रियाही याच्या जवळची आहे.

कृती सोपी आहे. पंखा बंद करावा. पाणी घातलेल्या ताटलीत मेणबत्ती घट्ट उभी करून ती दोन-तीन फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवावी. पदर, ओढणी, वह्या दूर असाव्यात. पाठ ताठ ठेवून बसावे, काही श्वास शांतपणे घ्यावे-सोडावे. मग मिनिटभर ज्योत पाहावी. डोळे ताणू नयेत, पापण्या लवल्या तर लवू द्याव्यात. नंतर डोळे मिटावेत. मिटल्या डोळ्यांपुढे एक ठिपका दिसतो. तो चमत्कार नव्हे. उजेडाने दृष्टिपटलावरील पेशी थोडा वेळ थकतात, म्हणून ती छबी उरते. ती पुसट झाली की पुन्हा ज्योत पाहावी. अशी दहा मिनिटे पुरेत. डोळ्यांचा विकार, अर्धशिशी किंवा फिट्‌स येण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आता आमचा अनुभव. आम्ही बँकेत रोखीच्या खिडकीवर बसतो. एका सायंकाळी हिशेब जुळेना. पाचशे रुपये कमी भरले. चूक आमचीच, पैसेही आम्हीच भरले. लक्ष थाऱ्यावर यावे म्हणून त्याच आठवड्यात हा अभ्यास सुरू केला. पण ज्योतीपुढे बसले तरी मन त्याच पाचशे रुपयांकडे धावे, नाहीतर उद्या साहेब काय म्हणतील याकडे. 'हे आपले काम नव्हे' म्हणून चौथ्या दिवशी आम्ही मेणबत्ती विझवून उठलो.

पुढे लाकडांची आणि धुराची ती सूचना वाचनात आली आणि चूक उमगली. गेलेले पाचशे रुपये ही खालची लाकडे. उद्याचे बोलणे हा वरचा धूर. मन तिकडे जाणारच. ते गेले हे ओळखून, त्याच्यावर न रागावता, त्याला पुन्हा ज्योतीवर आणणे हाच अभ्यास. दहा मिनिटांत मन वीस वेळा पळाले आणि वीस वेळा परत आणले, तर बैठक वाया गेली असे नाही. वीस वेळा सराव झाला.

विद्यार्थ्यांनीही हेच ध्यानी घ्यावे. मागच्या परीक्षेचे गुण ही लाकडे, पुढचा निकाल हा धूर. समोर उघडलेले पान ही ज्योत. एका खोलीच्या घरात, शेजारी टीव्ही चालू असतानाही, मनाला त्या पानावर परत आणता येते.

शेवटी एक विनंती. मेणबत्तीत कोणतीही दैवी शक्ती नाही. तिने नवस फळत नाहीत आणि अभ्यासावाचून गुणही मिळत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण अंधश्रद्धा टाकून दिली. ती ज्योतीच्या निमित्ताने पुन्हा घरात आणू नये. ज्योत केवळ साधन आहे. परत फिरायचे ते आपल्याच मनाने.

जय भीम!