तार कुणाची, नेट कुणाचं

विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. या काळात वेग किती वाढला याच्या कौतुकाला तोटा नाही. मला मागे वळून पाहायचं आहे ते एका वेगळ्या प्रश्नासाठी. कॉम्प्युटर वापरता येतो, पण त्याच्या पोटात काय चालतं ते कळत नाही, अशा माणसाला घरचं नेट एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेणं या तीस वर्षांत सोपं झालं की अवघड?

सुरुवातीला नेट यायचं ते घरच्या टेलिफोनवरून. वेग होता ९.६ केबीपीएस, म्हणजे एक एमबीचा फोटो उतरायला जवळजवळ चौदा मिनिटं. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, त्यात फक्त अक्षरं दिसत. नेट चालू असेपर्यंत फोन अडकलेला, आणि खर्च दुहेरी : नेटचे तास वेगळे, फोनच्या कॉलचं बिल वेगळं. १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सत्यम इन्फोवे बाजारात उतरली. मग तासांचं पाकीट दुकानातून विकत आणता येऊ लागलं. एका कंपनीचं नेट पसंत पडलं नाही, तर पुढच्या वेळी दुसरीचं पाकीट आणायचं, नवं युजरनेम आणि पासवर्ड टाकायचा, डायल करायचा नंबर बदलायचा. झालं. कुणी शिडी घेऊन येत नव्हतं, भिंतीला भोक पडत नव्हतं. तार टेलिफोन खात्याची आणि सेवा हवी त्याची, अशी ती सरळ विभागणी होती. वेग अगदीच तुटपुंजा होता, पण कंपनी बदलण्याची एवढी मोकळीक आपल्याला नंतर कधीच मिळाली नाही, असं मी आज ठामपणे म्हणतो.

ही मोकळीक गेली कशी, ते २००४ सालात सापडतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं. किमान २५६ केबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरलं. त्याआधी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक महत्त्वाची शिफारस केली होती : घराघरांत पोचलेल्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही वापरायला खुल्या कराव्यात. धोरणात ती सक्ती उतरली नाही. तारेच्या मालकाने आपसांत ठरवून इतरांशी करार करावा, एवढ्यावरच ते थांबलं. देशभर पसरलेली तांब्याची तार बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्याकडे होती. त्यामुळे तार ज्याची त्याचंच नेट, हा शिरस्ता पडला. या निर्णयाची त्या वेळी घराघरांत चर्चा झाली नाही, पण आज दारावरून जाणाऱ्या वायरींच्या प्रत्येक गुंत्यात मला तो दिसतो.

जानेवारी २००५मध्ये एमटीएनएलचं ट्रायबँड आणि बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं. चौदा मिनिटांचा फोटो अर्ध्या मिनिटात येऊ लागला. स्प्लिटरच्या छोट्याशा डबीमुळे फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागलं. रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद डाउनलोड देणारे प्लॅन आले आणि कित्येक घरांतली तरुण मुलं गजर लावून उठू लागली. आमच्या पुण्यातल्या घरात नेटशी पहिली खरी ओळख झाली ती याच तारेवर. एक्सचेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की नेट बंद. तरी लाइनमन ओळखीचा असायचा आणि तक्रार कुठे करायची हे ठाऊक असायचं.

दुसरीकडे टीव्हीच्या केबलवाल्यांनी नेट द्यायला सुरुवात केली. गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर वायरी धावू लागल्या. या व्यवस्थेत ग्राहकाने कंपनी बदलण्याऐवजी केबलवाल्यानेच ती परस्पर बदलावी, असंही होई. एके दिवशी बिलावर वेगळं नाव दिसे, बाकी नेटचा डबा तोच आणि माणूसही तोच.

त्याच सुमारास शेजारच्याच क्षेत्रात एक उत्तम गोष्ट घडली. २० जानेवारी २०११पासून देशभर मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९००वर एक मेसेज पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा. जुन्या कंपनीशी काय बोलायचं ते नवी बोलणार. तंत्रज्ञानाचा गंध नसलेल्या माणसालाही हे जमतं. माझ्या मते सामान्य ग्राहकाच्या हाती आलेला हा दूरसंचारातला सर्वांत मोठा अधिकार आहे.

घरच्या नेटला तो मिळाला नाही. फायबर आलं, २०१९च्या सप्टेंबरमध्ये जिओफायबर आलं, भाव उतरले, स्पर्धा वाढली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत शाळा, कचेरी आणि डॉक्टर सगळेच घरात आले आणि नेट पाण्याच्या नळाइतकं निकडीचं झालं. २०२३च्या जानेवारीत ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली, आणि शहरांतले नेहमीचे प्लॅन तर तिच्या कितीतरी पुढे गेले आहेत. पण प्रत्येक कंपनीची फायबरची तार वेगळी, राउटरचा डबा वेगळा, आणि सोडून जाण्याची वाट तितकीच काट्यांची. आम्ही एक कनेक्शन बंद केलं तेव्हा नवं सुरू करायला एक फोन पुरला. जुन्या कंपनीला मात्र पुन्हा पुन्हा फोन करावे लागले, डबा न्यायला कुणी येईना आणि अनामत रक्कम अडकून राहिली. ज्येष्ठ माणसं अशा वेळी थकतात आणि नको असलेलं कनेक्शन वर्षानुवर्षं चालू ठेवतात. याचा मला मनापासून राग येतो.

या सगळ्या काळातून माझ्यासारख्याला जे उमगलं ते साधं आहे. ईमेलचा पत्ता कंपनीकडून घेऊ नये. व्हीएसएनएलचे, बीएसएनएलच्या संचारनेटचे पत्ते ज्यांनी बँकेत आणि नातेवाइकांत दिले होते, त्यांना कनेक्शन सोडताना पत्त्यावरही पाणी सोडावं लागलं. कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा त्याच जिन्यातल्या शेजाऱ्याला विचारावं, आणि तेही संध्याकाळच्या वेगाबद्दल. नवं नेट नीट चालल्याशिवाय जुनं तोडू नये. नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला बसवणाऱ्याला सांगावं. मग घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर बहुधा आपणहून जोडले जातात आणि अर्धी धास्ती तिथेच संपते. विश्वास बसेपर्यंत वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. कनेक्शन बंद करण्याची मागणी लेखी करावी, डॉकेट नंबर घ्यावा, डबा परत दिल्याची पोच घ्यावी. कंपनीने दाद दिली नाही तर ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, हेही लक्षात ठेवावं.

पण हे सगळं शहाणपण ग्राहकाने का बाळगायचं? ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४पासून घरचं ब्रॉडबँड बदलायला फक्त नव्या कंपनीशी बोलावं लागतं. जुनं बंद करण्याची जबाबदारी तिची. तार निराळी असली तरी हाच नियम लागू आहे. म्हणजे अडचण तारेची नाही, नियमाची आहे. आपण मोबाइलसाठी तो नियम २०११मध्येच लागू केला आणि कोट्यवधी लोकांनी तो सहज वापरला. घरच्या नेटलाही तोच हक्क हवा : ग्राहकाने एकदा सांगावं, जुनं कनेक्शन बंद करणं, डबा परत नेणं आणि अनामत मिळवून देणं नव्या-जुन्या कंपन्यांनी आपसांत पाहावं. ट्रायने हे काम हाती घ्यावं आणि आपणही ते मागत राहावं.